गुलाबी रंग उडण्याआधी

बर्फात ठेवलेल्या नळीत ग्लुटाथायोन (पेशींतला गंधकयुक्त छोटा रेणू) आणि सोडियम नायट्राइट समान मोल प्रमाणात, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात मिसळलं की बघता बघता द्रावण गुलाबी-लाल होतं. तयार झालं ते एस-नायट्रोसोग्लुटाथायोन, म्हणजे गंधकाच्या खांद्यावर नायट्रिक ऑक्साइड बसलेला रेणू. हीच नळी बडोद्यात मे महिन्याच्या दुपारी खिडकीत ठेवा, रंग फिका पडत जाईल. उन्हानं गंधक आणि नायट्रोजनमधला बंध तुटतो आणि नायट्रिक ऑक्साइड निसटतो.

सगळी गोम इथेच आहे. ज्या प्रकाशानं मोजायचं, तोच मोजायची वस्तू नाहीशी करतो.

नायट्रिक ऑक्साइड या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या वायूवरच्या संशोधनाला 1998 साली नोबेल मिळालं (फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद). रक्तात तो सुटा टिकत नाही, हिमोग्लोबिन त्याला लगेच गिळतं. म्हणून त्याला वाहून नेणारे नायट्रोसोथायॉल, म्हणजे वरच्यासारखे गंधकाला नायट्रिक ऑक्साइड जोडलेले रेणू, मोजायचे.

हे रेणू 335 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतात खरे, पण 1 मायक्रोमोलर द्रावणाचं शोषण जेमतेम 0.0009 येतं. प्रथिनांच्या गर्दीत ते सापडणार नाही. त्यामुळे सॅव्हिलची 1958 सालची रीत वापरतात. पाऱ्याच्या क्षारानं बंध तोडायचा, निघालेल्या नायट्राइटचा ग्रीस अभिक्रियेनं, म्हणजे सल्फॅनिलामाइड आणि एनईडी या दोन रसायनांशी जोडून, रंग बनवायचा. तेवढ्याच द्रावणाचं शोषण आता 540 नॅनोमीटरला 0.05 च्या घरात जातं.

यंत्र सुरू करण्याआधीच निम्मं काम झालेलं असायला हवं. रक्त घेतानाच नळीत 5 ते 10 मिलिमोलर एन-एथिलमॅलिमाइड आणि 2 मिलिमोलर ईडीटीए असू द्या. पहिलं मोकळे थायॉल (गंधक-हायड्रोजनचे गट) झाकतं. ते मोकळे राहिले तर पुढे आम्लात नमुन्यातल्याच नायट्राइटशी जुळून नवे नायट्रोसोथायॉल बनतात, आणि आपण स्वतः बनवलेलं मोजत बसतो. ईडीटीए तांब्याचे आयन धरून ठेवतं, कारण तांब्याचा अंशही बंध तोडायला पुरतो. एथिलमॅलिमाइडचं द्रावण रोज ताजं करा, पाण्यात ते हळूहळू निकामी होतं. नळी फॉइलमध्ये गुंडाळून बर्फात ठेवायची, खोलीत मंद लाल दिवा, सेंट्रिफ्यूज 4 अंशांवर.

आता वर उरलेल्या प्लाझ्माचे (पेशींविना रक्तद्रवाचे) दोन सारखे भाग करा. एकात 0.5 मोलर आम्लातलं 1 टक्का सल्फॅनिलामाइड घाला, दुसऱ्यात तेच, पण 0.2 टक्के मर्क्युरिक क्लोराइडसह. पाच मिनिटं थांबून दोन्हीत एनईडीचं 0.02 टक्के द्रावण तेवढ्याच मापानं घाला. जांभळट गुलाबी रंग स्थिरावला की 540 ला वाचा. पहिला भाग नमुन्यात आधीपासून असलेलं नायट्राइट दाखवतो, दोघांतला फरक म्हणजे नायट्रोसोथायॉल. प्रमाण रेषेसाठी 1 ते 50 मायक्रोमोलर नायट्राइट पुरतं, आणि ताज्या एस-नायट्रोसोग्लुटाथायोनची एक नळीही सोबत लावा. पारा नीट काम करतोय का, ते तीच सांगते.

सर्वांत जास्त फसवतं ते फुटलेल्या लाल पेशींचं रक्त. ऑक्सिहिमोग्लोबिनचं एक शिखर नेमकं 541 नॅनोमीटरला असतं, म्हणजे आपल्या रंगाच्या अगदी मांडीवर. प्लाझ्मा किंचितही लालसर दिसला तर तो नमुना बाजूला ठेवा. आम्लात प्रथिनं साकळून गढूळपणा येतो, तोही शोषण वाढवतो. वाचण्याआधी नळी पुन्हा फिरवा आणि एनईडीविना एक ब्लँक (तुलनेची कोरी नळी) ठेवा. काचसामान, गाळणी, हातमोजे यांतूनही नायट्राइट येतं, त्यामुळे नुसत्या पाण्याचा ब्लँक रोज लागतो.

निरोगी माणसाच्या प्लाझ्माला ही रीत अपुरी पडते. पूर्वी मायक्रोमोलरमध्ये सांगितलेले आकडे पुढे काळजी घेऊन केलेल्या मोजणीत नॅनोमोलरवर उतरले. तिथे नायट्रिक ऑक्साइड सोडवून ओझोनशी भिडवतात आणि त्यातून निघणारा लालसर उजेड मोजतात. पेशींचे अर्क, शुद्ध प्रथिनं किंवा औषधाच्या चाचण्यांसाठी मात्र सॅव्हिलची रीत आजही चोख आहे.

पाऱ्याचं उरलेलं द्रावण सिंकमध्ये ओतू नका. वेगळ्या, घट्ट झाकणाच्या, नाव लिहिलेल्या बाटलीत साठवून घातक कचऱ्यात द्या. पारा गटारातून नदीत पोहोचला की माशांत साठत जातो, आणि बडोद्याच्या विश्वामित्री नदीत मासे खाणाऱ्या मगरीही आहेत.