संगीत सादरीकरणाचा प्रात्यक्षिक अभ्यासक्रम

गायन किंवा वादन हाच मुख्य विषय असलेला आणि विद्यार्थ्याची पारख त्याच्या प्रत्यक्ष गाण्या-वाजवण्यावरून करणारा महाविद्यालयीन अभ्यासक्रम. संगीतशास्त्र, संगीतरचना आणि संगीतशिक्षण या शाखांमध्ये विद्यार्थी लिहिलेले काम पुढे ठेवतो. इथे त्याला स्वतःलाच पुढे बसावे लागते. इतिहास, शास्त्र, स्वरलेखन हे विषय असतात, पण गळ्याला किंवा हाताला त्यांचा उपयोग व्हावा एवढ्यापुरतेच. चांगला गुरू मिळाला तर महाविद्यालय कशाला हवे, हा प्रश्न या अभ्यासक्रमाइतकाच जुना आहे आणि तो गैरलागू नाही. संस्था गुरूला पर्याय देऊ शकत नाही. ती देते ती बाकीची माणसे : सोबत वाजवणारी, साथ करणारी, शेजारच्या खोलीतून ऐकणारी आणि समोर बसून गुण मांडणारी.

अशा शिक्षणाचा उगम बहुतेक अभ्यासक इटलीतील नेपल्सच्या चार अनाथाश्रमांत शोधतात. तिथली मुले गाणे-वाजवणे शिकून चर्चमध्ये आणि मिरवणुकांत कामाला जात. त्यातून संस्थेचा खर्चही काही प्रमाणात भागे. १७७० मध्ये चार्ल्स बर्नी हा इंग्रज संगीत-इतिहासकार त्यांपैकी सान्त ओनोफ्रियो या संस्थेत गेला. तिथे त्याला दिसले ते असे : एकाच खोलीत सात-आठ हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचे पट्ट्यांचे वाद्य), त्याहून जास्त व्हायोलिने आणि गाणारी मुले, प्रत्येकाचे चाललेले वेगळे आणि प्रत्येकाची पट्टीही वेगळी. चेलोवाले दुसऱ्या खोलीत, बासरी आणि ओबो (सनईच्या जातीचे वाद्य) वाजवणारे तिसरीत. ट्रम्पेट आणि हॉर्न वाजवणाऱ्यांच्या वाट्याला जिना नाही तर गच्ची. आजूबाजूला काहीही चालू असले तरी आपला भाग न डगमगता धरून ठेवण्याची सवय यातून लागत असेल, असे बर्नीने मान्य केले. सफाई मात्र या पद्धतीने येणे अशक्य, असे त्याचे मत पडले. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पुढच्या काळातल्या संस्थांनी खोल्या वेगळ्या केल्या, भिंतींतून आवाज जाणार नाही अशी सोय केली आणि इतरांसोबत टिकून वाजवण्याचा सराव वेगळ्या तासाला नेऊन बसवला.

१७९५ मध्ये पॅरिसची संगीतसंस्था सरकारी खर्चाने उभी राहिली आणि तिच्यापासून ठरीव अभ्यासक्रम, गायन-वादन शिकवणारी छापील पुस्तके आणि बक्षिसांच्या स्पर्धात्मक परीक्षा यांचा साचा पक्का झाला. त्या परीक्षांसाठी नवे संगीतही लिहून घेत : १८९८ मध्ये फ्रेंच संगीतकार गाब्रिएल फोरे यांनी बासरीच्या, तर १९१० मध्ये त्यांचेच देशबांधव क्लोद दबुसी यांनी क्लॅरिनेटच्या परीक्षेसाठी रचना केल्या, आणि त्या आजही मैफलीत वाजतात. प्रश्नपत्रिकेला असे आयुष्य क्वचितच लाभते. लंडन (१८२२), लाइपझिग (१८४३), सेंट पीटर्झबर्ग (१८६२) आणि मॉस्को (१८६६) इथल्या संस्था याच वाटेने निघाल्या. जॅझला महाविद्यालयाचे दार उशिरा उघडले. अमेरिकेतील नॉर्थ टेक्सासमध्ये १९४७ मध्ये त्याची पदवी सुरू झाली, तीही आरंभी ‘नृत्यवाद्यवृंद’ या बेताच्या नावाखाली.

भारतात मौलाबख्श यांनी १८८६ मध्ये बडोद्यात काढलेली संगीतशाळा, विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला स्थापन केलेले गांधर्व महाविद्यालय आणि विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये लखनौला सुरू झालेले मॅरिस कॉलेज या टप्प्यांनी हे शिक्षण घराण्यांच्या उंबऱ्याबाहेर आले. वर्गात अनेकांना एकदम शिकवायचे तर बंदिशी कागदावर याव्या लागतात, म्हणून दोन्ही विष्णूंनी आपापली स्वरलेखन पद्धती तयार केली. वर्गातल्या या शिक्षणावरचा आक्षेपही तेव्हापासूनच चालत आला आहे. गुरूच्या तालमीत एकच राग महिनोन्महिने चाले. अभ्यासक्रमात वर्षाला रागांची यादी पुरी करावी लागते. यादी पुरी झाली म्हणजे राग आला असे होत नाही, हे शिकवणाऱ्यांनाही ठाऊक असते. पण ज्यांना कुठल्याच घराण्यात प्रवेश नव्हता, त्यांच्यासाठी, विशेषतः मुलींसाठी, दार उघडले ते याच यादीने. हेही विसरू नये.

प्रवेश ऑडिशनने होतो. तयार केलेल्या दोन-तीन रचना, स्वरसप्तके किंवा अलंकार, ऐकून स्वर ओळखणे आणि पाश्चात्त्य पद्धतीत समोर आलेली नोटेशन पहिल्याच नजरेत वाजवणे, असा त्याचा ढाचा असतो. बाहेरच्यांना सहसा माहीत नसलेली गोष्ट अशी की वाद्यवृंद असलेल्या संस्थेत प्रवेश नुसत्या गुणवत्तेवर ठरत नाही. वृंदाला बसून बसून दोन-तीन ओबो लागतात. त्या जागा भरलेल्या असतील तर उत्तम ओबोवादकही परत जातो आणि पुढच्या वर्षी त्याच्याहून डावा आत येतो.

अभ्यासक्रमाचा कणा म्हणजे आठवड्यातून एकदा, साधारण तासभर, एका विद्यार्थ्याला एका शिक्षकाने दिलेला पाठ. विद्यापीठाच्या हिशेबात हा सर्वांत महाग तास. त्यात काय चालते, हे बाहेरून पाहणाऱ्याला चमत्कारिक वाटेल : विद्यार्थी दोन ओळी वाजवतो, शिक्षक थांबवतो आणि तासाचा बराच भाग त्या दोन ओळींतच जातो. चूक जिथे ऐकू येते तिथे ती झालेली नसते. तान शेवटी खाली घसरली तर दोष बहुधा तान सुरू होण्याआधी अपुऱ्या घेतलेल्या श्वासाचा असतो. व्हायोलिनवर वरचा सूर बेसूर लागला तर हात सरकण्याआधीच अंगठा आवळलेला असतो. चांगला शिक्षक त्या आधीच्या क्षणाकडे बोट दाखवतो.

बाकीचे वेळापत्रक या तासाभोवती बसते : कान तयार करण्याचा वर्ग, दुय्यम वाद्य (पाश्चात्त्य पद्धतीत बहुधा पियानो), समूहवादन, आणि पाहुण्या कलाकाराने सर्वांसमोर एकाला शिकवण्याचा खुला वर्ग. हा शेवटचा प्रकार पियानोवादक आणि संगीतकार फ्रान्झ लिस्ट यांच्या जर्मनीतील वाइमार इथल्या सामुदायिक पाठांमुळे रूढ झाला. खुल्या वर्गात शिकतो कोण, हा प्रश्नच आहे. मंचावरचा विद्यार्थी बहुधा गांगरलेला असतो. खरी शिदोरी मिळते ती प्रेक्षकांत बसलेल्यांना.

साथीचा सराव हा भाग कागदावर किरकोळ दिसतो, प्रत्यक्षात निर्णायक ठरतो. इलेक्ट्रॉनिक तबल्यावर रियाज केलेल्या ख्यालगायकाला विलंबित एकतालात हाडामांसाचा तबलजी मिळाला की पहिली अडचण येते ती लयीची. यंत्र एकाच गतीने चालते, गायकाला काय हवे ते त्याला कळत नाही. माणूस ऐकतो, मुखड्याचा (बंदिशीच्या समेवर येणाऱ्या ओळीचा) अंदाज घेतो, किंचित सावरतो. आणि गायकालाही त्याचे ऐकावे लागते. पहिल्या काही बैठकींत विद्यार्थी समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, अलीकडे-पलीकडे पडत राहतो. ही गोष्ट एकट्याच्या रियाजाने कितीही तास घातले तरी सुटत नाही.

तासांबद्दल बोलायचे तर १९९३ मध्ये मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी पश्चिम बर्लिनच्या संगीत अकादमीतील व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वोत्तम गटाने विसाव्या वर्षापर्यंत सरासरी १० हजार तासांहून अधिक एकट्याने सराव केल्याचे त्यात आढळले. आकडा गाजला, त्याच अभ्यासातले अधिक कामाचे निरीक्षण मागे पडले. वरच्या गटांतले विद्यार्थी विश्रांती घेत घेत, मुख्यतः सकाळी, एकाग्रतेने सराव करत आणि इतरांपेक्षा जास्त झोपत. २०१९ मध्ये ब्रुक मॅकनमारा आणि मेघा मैत्रा यांनी अमेरिकेत हाच अभ्यास पुन्हा केला, तेव्हा सर्वोत्तम गटाचा सराव त्याखालच्या चांगल्या गटापेक्षा जास्त निघाला नाही.

परीक्षा म्हणजे मंच प्रदर्शन. ठरलेल्या वेळात, बहुधा अर्धा ते एक तास, परीक्षकांपुढे आणि अनेकदा श्रोत्यांपुढे कार्यक्रम सादर करायचा. क्रम निवडणे, वेळेत संपवणे, साथीदारांशी जुळवून घेणे, चूक झाली तरी न थांबणे, या सगळ्याला गुण असतात. सूर, लय, नाद, शैलीची जाण असे रकाने गुणपत्रिकेवर असले तरी परीक्षक बहुधा आधी एकूण मत बनवतात आणि मग रकाने भरतात. शिवाय डोळा कानाला चकवतो. २०१३ मध्ये चिया-जुंग त्साय यांनी पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या स्पर्धांच्या अंतिम फेरीतील तिघांच्या काही सेकंदांच्या चित्रफिती लोकांना दाखवल्या. विजेता कोण हे नुसता आवाज ऐकणाऱ्यांपेक्षा आवाज बंद करून पाहणाऱ्यांनी अधिक वेळा बरोबर ओळखले. व्यावसायिक संगीतकारांचेही तेच झाले. वाद्यवृंदातल्या नोकरीसाठी पडद्याआडून वाजवून घेतात, ते पक्षपात टाळण्यासाठी. महाविद्यालयीन परीक्षेत पडदा लावत नाहीत, कारण मंचावरचा वावर हा शिकवलेल्या गोष्टींपैकीच एक आहे.

शरीराची झीज हा विषय अभ्यासक्रमांत उशिरा आला. मनगट-खांद्याचे दुखणे, स्वरयंत्रावर उठणाऱ्या गाठी, ट्रम्पेट-ढोलांशेजारी बसून कमी होणारे ऐकू येणे, बोटे मेंदूचे ऐकेनाशी होण्याचा विकार, यांपैकी काही ना काही पुष्कळांच्या वाट्याला येते. दुखणे लपवण्याची रीत मात्र जुनी आहे, कारण ते सांगितले तर पुढच्या कार्यक्रमातली जागा जाईल ही भीती असते. मंचभयाचेही तसेच. अनेक संस्था आता शरीर सैल ठेवण्याची अलेक्झांडर पद्धत शिकवतात. ती ज्यांच्या नावाने चालते ते फ्रेडरिक मथायस अलेक्झांडर हे स्वतः रंगमंचावर वाचन करताना आवाज बसत असे म्हणून या वाटेला लागले होते.

पदवीनंतर पूर्णवेळ मैफली करणारे थोडेच निघतात. बहुतेक जण शिकवणी, साथसंगत, ध्वनिमुद्रण आणि अधूनमधून कार्यक्रम अशी सांगड घालतात. पुढे शिकायचे तर काही देशांत सादरीकरणातली डॉक्टरेट आहे. तिथे प्रबंध आटोपशीर असतो आणि मुख्य वजन जाहीर कार्यक्रमांच्या मालिकेला असते.