बर्डीवरच्या ३० गोळ्यांच्या बाटलीमागची गोष्ट

गेल्या पावसाळ्यात ओळखीच्या एका पोरासोबत नागपूरच्या बर्डीवर प्रेपच्या गोळ्या घ्यायला गेलो होतो. प्रेप म्हणजे एचआयव्ही होऊच नये म्हणून आधीपासून घ्यायची गोळी, टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबीन एकत्र असलेली. पहिल्या दुकानात काउंटरवरच्या माणसाने चिठ्ठी वाचली आणि चार गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने विचारलं, "एड्सची गोळी पाहिजे का?" पोरगा काही न बोलता वळला अन् पायऱ्या उतरला. दुसरीकडे मिळाली, पांढरी प्लास्टिकची बाटली, आत ३० गोळ्या, वर आपल्याच देशातल्या कंपनीचं नाव. बाहेर येऊन तो म्हणे, "दादा, अमेरिकेत हेच लय महाग आहे म्हणतात, मग आपल्याकडे काहून कमी?" तेव्हा रस्त्यावर नीट सांगता आलं नाही, म्हणून आता सविस्तर लिहितो.

अमेरिकेत हीच गोळी ट्रुवाडा नावाने विकली जायची, २०१२ मध्ये तिला बचावासाठी मंजुरी मिळाली आणि २०१९ च्या सुमारास तिची छापील किंमत महिन्याला जवळपास २००० डॉलर होती. गोळी बनवायला एवढा खर्च येत नाही. किंमत पेटंटची असते, म्हणजे दुसऱ्या कोणी बनवायचीच नाही या हक्काची.

आपल्याकडे १९७० च्या पेटंट कायद्यात औषधावर पेटंट नव्हतंच, फक्त ते बनवायच्या पद्धतीवर होतं, म्हणून आपल्या कंपन्या वेगळ्या पद्धतीने तेच औषध बनवू शकत होत्या. त्याच जोरावर २००१ मध्ये सिप्ला या औषध कंपनीच्या युसूफ हमीद यांनी एचआयव्हीची तीन औषधं मिळून वर्षाला ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली, जेव्हा बाहेर त्याच उपचाराला वर्षाला १० हजार डॉलरच्या वर लागत होते. मग जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे २००५ पासून आपल्यालाही औषधावर पेटंट देणं भाग पडलं. पेशंट लोकांचे गट तेव्हा खरंच घाबरले होते, आणि घाबरण्यासारखंच होतं.

पण त्यासाठी कायद्यात जी दुरुस्ती झाली तिच्यात दोन गोष्टी राहिल्या. एक कलम ३(ड), जुन्याच औषधाचं नवं रूप काढलं आणि त्याने गुण वाढत नसेल तर पेटंट नाही. दुसरी कलम २५(१), पेटंट मिळायच्या आधी त्याला कोणीही लेखी विरोध करू शकतो. कोणीही म्हणजे कोणीही, कंपनीच पाहिजे असं नाही, रोज गोळी घेणारा पेशंटसुद्धा चालतो. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा शब्द हाच.

आता पेशंट विरोध करणार तर लिहिणार कोण? रसायनशास्त्राचे जुने पेपर शोधायचे, जगभरातली पेटंट वाचायची, तारखांना उभं राहायचं, यातलं एकही काम फी देऊन करून घेणं पेशंटच्या ऐपतीतलं नव्हतं. ते लॉयर्स कलेक्टिव्हसारख्या गटांच्या वकिलांनी पेशंटकडून फी न घेता केलं. हे लोक यात नवीन नव्हते. १९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसूझा या तरुणाला नुसता एचआयव्ही आहे म्हणून जुन्या टीबी सॅनेटोरियममध्ये कोंडून ठेवलं होतं, तेव्हा त्याच्या बाजूने याच गटाचे वकील आनंद ग्रोव्हर आपल्याच मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठासमोर लढले होते. ती केस हरली, माणसं मात्र त्या कामात टिकली.

टेनोफोविरचं असं झालं की मूळ रेणू प्रागमध्ये आंतोनिन होली यांच्या प्रयोगशाळेत १९८० च्या दशकातच तयार झाला होता. ट्रुवाडा विकणाऱ्या गिलियड कंपनीने नंतर त्याचं पोटातून शोषलं जाईल असं रूप आणि त्याचा क्षार, यावर भारतात पेटंट मागितलं. २००६ मध्ये एचआयव्हीसह जगणाऱ्या लोकांच्या संघटनांनी, आयएनपी प्लस आणि दिल्लीच्या डीएनपी प्लसने, विरोध दाखल केला आणि २००९ मध्ये पेटंट ऑफिसने अर्ज फेटाळला. तेव्हा भांडण उपचारासाठी होतं, बचावाची गोळी म्हणून टेनोफोविर अजून चाचण्यांतच होतं, पण बर्डीवरची ती बाटली भारतीय कंपनीची आहे त्यात या निकालाचा मोठा वाटा आहे.

नागपूरकरांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. देशातले पेटंट तपासनीस जिथे ट्रेनिंग घेतात ती राजीव गांधी बौद्धिक संपदा संस्था आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये आहे. आपण रोज तिच्यासमोरून गाडी काढतो.

कायद्याने सगळं मिळालं असंही नाही. एचआयव्ही कायदा २०१७ चा, लागू झाला १० सप्टेंबर २०१८ ला, मसुदा लॉयर्स कलेक्टिव्हच्याच वकिलांनी वर्षानुवर्षं लोकांशी बोलून बनवलेला. पण त्याच्या कलम १४ मध्ये औषधोपचार 'शक्य तेवढे' द्यायचे असं आलं, आणि तेही एचआयव्ही असलेल्यांना. ज्याला झालेला नाही आणि होऊ नये असं वाटतं, तो पोरगा त्या ओळीत बसतच नाही. नॅकोने, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, प्रेपच्या मार्गदर्शक सूचना २०२२ मध्ये काढल्या, पण त्या दिवशी त्याने पैसे स्वतःच्याच खिशातून मोजले.

आणि आता लेनाकापाविर, एचआयव्ही होऊ नये म्हणूनचंच नवं औषध. वर्षातून दोनदा पोटाच्या कातडीखाली इंजेक्शन. २०२४ मध्ये आलेल्या आफ्रिकेतल्या चाचणीत ते घेणाऱ्या २१३४ मुली-बायकांपैकी एकीलाही लागण झाली नाही. अमेरिकेत २०२५ मध्ये किंमत ठरली वर्षाला २८,२१८ डॉलर. गिलियडने सहा कंपन्यांना १२० देशांसाठी बनवायचा परवाना दिलाय, त्यात पुण्याची एमक्युअर आहे, आणि २०२७ पासून वर्षाला ४० डॉलरमध्ये द्यायची घोषणा हैदराबादच्या डॉ. रेड्डीज आणि हेटेरोने केलीय. चांगलंच आहे, पण ब्राझीलसारखे देश त्या यादीत नाहीत, ज्या ब्राझीलच्या लोकांनी या औषधाच्या चाचण्यांत भाग घेतला. भारतात पेटंट मिळालं नाही तर अशा देशांसाठीही इथे औषध बनवता येईल, म्हणून मुंबईच्या संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टने भारतातल्या पेटंट अर्जांना विरोध केलाय. याच संकल्पच्या अपिलावर २०१२ मध्ये हिपॅटायटिस सीच्या औषधावरचं रोशचं पेटंट रद्द झालं होतं.

दरम्यान १५ मार्च २०२४ पासून नियम बदलले. पेटंट मिळायच्या आधीचा विरोध करायला आता फी भरावी लागते, आणि तो ऐकायचा की नाही हे आधी कंट्रोलर, म्हणजे पेटंट ऑफिसचा अधिकारी, ठरवतो. त्या पोराला मी हे सगळं नंतर फोनवर सांगितलं तर त्याने एकच विचारलं, "मी करू शकतो का मग?" हो, अजूनही कायद्यात 'कोणीही' असंच लिहिलेलं आहे.