सिस्टीम बदलताना वापरकर्त्याचं सामान: थोडी पार्श्वभूमी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारी मायक्रोसॉफ्टची नेहमीची साथ (सपोर्ट) संपली. त्याच्या मागच्या-पुढच्या महिन्यांत गोव्यातल्या फोंडा, म्हापसा, डिचोलीकडचे डीटीपीवाले, कोर्टाबाहेर बसणारे टायपिस्ट, शाळांच्या ऑफिसातले क्लार्क असे बरेच जण मला एकच प्रश्न विचारत होते: "अकरा टाकलं तर माझं मराठी राहील ना?" फाइलींची काळजी कुणाला नव्हती, त्या पेनड्राइव्हवर होत्याच. काळजी होती ती कीबोर्डची, फाँटची, शब्द आपोआप पुरे होण्याची, वर्षानुवर्षं एका जागी बसलेल्या बटणांची. ही भीती उगाच आलेली नाही. तिच्यामागे पन्नासेक वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला एक छोटा तुकडा माझ्या हातून घडलेला आहे.

२०१० च्या पावसाळ्यात, चवथीच्या आधी, फोंड्यातल्या एका लहान छापखान्यातला विंडोज एक्सपी काढून विंडोज ७ घालायचं काम माझ्याकडे आलं. मी 'माय डॉक्युमेंट्स' आणि डेस्कटॉप बाहेरच्या डिस्कवर घेतला, सी ड्राइव्ह फॉरमॅट केला, नवी सिस्टीम घातली, मराठीचे फाँट सीडीवरून परत टाकले. संध्याकाळी एकेक फाइल उघडून दाखवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या जुन्या ऑपरेटरांचा फोन आला. सगळे त्यांना मामा म्हणत. ते म्हणाले, "फाइली सगळ्या आहेत रे, पण माझा हात अडतो."

जाऊन पाहिलं तेव्हा कळलं. मामांनी आठ वर्षांत वर्डमध्ये शेकडो लघुरूपं भरून ठेवली होती. दोन-तीन कळा दाबून स्पेस दिला की 'श्री शांतादुर्गा प्रसन्न' उमटायचं. जत्रेच्या हँडबिलातला 'रात्रौ ठीक १० वाजता', नाटकाच्या जाहिरातीतला 'स्थानिक कलाकारांच्या संचात', बाराव्याच्या पत्रातला अख्खा पहिला परिच्छेद, सगळं असंच. आता यातली खोच अशी की तिथलं मराठी युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, नव्हतं. फाँट काढून घेतला तर मागे नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी उरायची. म्हणून लघुरूप फाँटसकट साठवावं लागे. साधी लघुरूपं वर्ड एका यादीत ठेवतो, फाँटसकट साठवलेली मात्र 'नॉर्मल.डॉट' या टेम्प्लेटात, म्हणजे वर्डच्या नमुना फाइलीत. आणि ती फाइल 'माय डॉक्युमेंट्स'मध्ये नव्हतीच. ती होती 'ॲप्लिकेशन डेटा' नावाच्या लपवलेल्या फोल्डरच्या पोटात. मी ते फोल्डर उघडूनही पाहिलं नव्हतं. मामांची आठ वर्षांची मेहनत मी पुसली होती.

ती फाइल तिथे का होती, लपवलेली का होती, हे समजायला मागे जावं लागतं.

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा जन्म अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे वापरणाऱ्यांची घरं 'यूएसआर' या डिरेक्टरीत असत, नावच 'युजर'वरून. सिस्टीम वाढत गेली, पहिल्या डिस्कवर मावेना, तेव्हा तिच्या प्रोग्रॅमांनी याच 'यूएसआर'मध्ये पथारी पसरली. शेवटी वापरणाऱ्यांची घरंच तिथून हलवावी लागली. पुढे 'होम' ही वेगळी जागा रूढ झाली. आजही युनिक्सच्या वळणावर बनलेल्या लिनक्समध्ये 'यूएसआर' आहे, पण तिथे युजर राहत नाही. मालकाच्या नावाची पाटी तेवढी दारावर राहिली.

सेटिंग्ज लपवण्याची रीतही तिथलीच, आणि ती कुणी ठरवून पाडलेली नाही. युनिक्सवर काम केलेले रॉब पाईक यांनी तिची हकिकत सांगितली आहे. प्रत्येक डिरेक्टरीत 'एक टिंब' आणि 'दोन टिंबं' अशा दोन नोंदी असतात. यादी दाखवताना त्या गाळायच्या होत्या, म्हणून 'ls' आज्ञेत सोपी तपासणी घातली: पहिलं अक्षर टिंब असेल तर दाखवू नका. त्यामुळे टिंबाने सुरू होणारी कुठलीही फाइल दिसेनाशी झाली. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना ती सोय आवडली आणि त्यांनी आपापल्या सेटिंग्ज टिंबाच्या फाइलींत घालायला सुरुवात केली. माणसाची सवय न दिसणाऱ्या जागी ठेवायची प्रथा अशी एका चुकीतून पडली. तरी त्या फाइली माणसाच्या घरात होत्या, हे मोठं भाग्य. 'होम' डिस्कच्या वेगळ्या भागावर (पार्टिशनवर) ठेवलं की खालची सिस्टीम पूर्ण बदलली तरी घर शाबूत राहतं.

पीसीवर मात्र हे भाग्य नव्हतं. विंडोजआधीच्या डॉसच्या काळात सेटिंग्जसाठी 'कॉन्फिग.सिस' आणि 'ऑटोएक्झेक.बॅट' या दोन फाइली ज्याला ठाऊक त्याला पुरेशा होत्या. विंडोजच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत 'विन.आयएनआय' आणि 'सिस्टम.आयएनआय' या सेटिंग्जच्या फाइली आल्या आणि प्रत्येक प्रोग्रॅम आपली आणखी एक आयएनआय फाइल थेट विंडोजच्या फोल्डरमध्ये टाकू लागला. अशा फाइलीला ६४ केबीची मर्यादा होती. सिस्टीमचं काय, प्रोग्रॅमचं काय, माणसाचं काय, सगळं एकाच खोलीत. ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ ने सगळ्यांसाठी रजिस्ट्री, म्हणजे सेटिंग्जचं एकत्र कोठार, आणली. निदान 'सिस्टम.डॅट' आणि 'युजर.डॅट' अशा दोन फाइली झाल्या, म्हणजे यंत्राचं आणि माणसाचं वेगळं असतं हे कागदावर तरी मान्य झालं. पण दोन्ही फाइली विंडोजच्याच फोल्डरमध्ये. ऑफिसांतल्या विंडोज एनटी ४ मध्येही वापरणाऱ्याचं प्रोफाइल 'विनएनटी'च्या आतच असे.

गोव्यात हे समजवायला मी मुंडकाराचं उदाहरण देतो. जमीन भाटकाराची, तिच्यावरचं घर मुंडकाराचं. भाटकाराने जमिनीचं काहीही ठरवलं तरी त्या घराचं काय, हा प्रश्न इथे पिढ्यान्‌पिढ्या जाळत होता. १९७५ च्या मुंडकार कायद्याने घरातून हुसकावण्याला अटकाव केला. सिस्टीमच्या जमिनीवर वसलेल्या सेटिंग्जना तसं संरक्षण नव्हतं. फॉरमॅट केलं की जमिनीबरोबर घरही गेलं.

विंडोज २००० आणि पाठोपाठ २००१ मधल्या एक्सपीने 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' हे फोल्डर सिस्टीमच्या बाहेर काढलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं वळण हेच. नावातच फाइली आणि सेटिंग्ज यांना बरोबरीचं स्थान होतं. एक्सपीबरोबर सेटिंग्ज एका संगणकावरून दुसऱ्यावर नेणारा विझार्ड आला आणि मोठ्या कार्यालयांसाठी 'युजर स्टेट मायग्रेशन टूल' होतं. 'स्कॅनस्टेट'ने गोळा करायचं, 'लोडस्टेट'ने उतरवायचं. पण आमच्याकडे 'फॉरमॅट मारणे' हाच संगणक दुरुस्तीचा राजमार्ग होता. त्याच दशकात सरकारच्या सायबरएज योजनेतून अकरावीच्या मुलांना संगणक मिळाले, गावागावांत ते बिघडले, आणि दुरुस्त करणारा 'डी ड्राइव्हवर काय आहे ते राहील' एवढंच विचारून-सांगून कामाला लागायचा. सेटिंग्ज सी वर असतात हे कुणी सांगत नसे. मीही सांगत नव्हतो.

मराठी लिहिणाऱ्याचा तोटा यात दुप्पट झाला. विंडोज २००० मध्ये देवनागरी आली, मंगल फाँट आला, इन्स्क्रिप्ट कीबोर्ड आला. पण एक्सपीत रीजनल सेटिंग्जमध्ये जाऊन जटिल लिप्यांच्या चौकटीत टिचकी मारावी लागे आणि लगेच विंडोजची सीडी मागितली जाई. फॉरमॅटनंतर ती टिचकी राहून गेली की जोडाक्षरं फुटायची आणि ऱ्हस्व वेलांटी भलतीकडेच बसायची. जुन्या फाँटवर काम करणाऱ्यांचे फाँट विंडोजच्या फोल्डरमध्ये, टायपिंगचा ड्रायव्हर सिस्टीमच्या फोल्डरमध्ये, परवान्याचं डोंगल संगणकाच्या मागच्या पोर्टात. इंग्रजी लिहिणाऱ्याला सिस्टीम बदलल्यावर फार तर वॉलपेपर गेल्याची चुटपुट. इथे लिहिताच येत नसे.

दरम्यान मॅकवाल्यांनी हा प्रश्न सरळ मार्गाने सोडवला होता. २००२ च्या १०.२ आवृत्तीत 'आर्काइव्ह अँड इन्स्टॉल' हा पर्याय आला. जुनी सिस्टीम बाजूच्या फोल्डरमध्ये, नवी तिच्या जागी, आणि वापरकर्ते व नेटवर्कच्या सेटिंग्ज राखायची चौकट वेगळी. २००७ च्या व्हिस्टापासून विंडोजही त्याच वाटेला लागली. नव्या सिस्टीमची तयार प्रत (इमेज) उतरवायची, जुनं सारं 'विंडोज.ओल्ड'मध्ये सरकवायचं आणि मग माणसाच्या सेटिंग्ज उचलून नव्यात आणायच्या. 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज'चं सुटसुटीत 'युजर्स' झालं. जुने प्रोग्रॅम जुन्या पत्त्यावर गेले तरी पोचावेत म्हणून जुन्या नावाचे दुवेही ठेवले.

हे मला २०१० मध्ये नीट माहीत असतं तर मामांचा हात अडला नसता. एक्सपीवरून थेट ७ वर बढती (अपग्रेड) होत नव्हती हे खरं, पण फॉरमॅट न करता नवी प्रत घातली असती तरी जुनं 'विंडोज.ओल्ड'मध्ये उरलं असतं. त्याहून वाईट वाटतं ते याचं की सेटिंग्ज नेणारं 'इझी ट्रान्सफर' मी वापरलेल्या त्याच डीव्हीडीवर, 'सपोर्ट' फोल्डरमध्ये होतं.

या प्रश्नाकडे सर्वांत सभ्यपणे पाहिलं ते डेबियनने. इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या या लिनक्समध्ये प्रोग्रॅम अद्ययावत होताना त्याची सेटिंगची फाइल तपासली जाते. तुम्ही तिला हात लावला नसेल तर नवी फाइल गुपचूप बसते. तुम्हीही बदलली असेल आणि बनवणाऱ्यानेही, तर काम थांबतं आणि विचारलं जातं: तुमची ठेवू की नवी घालू? फरकही दाखवला जातो. काहीच न बोलता एंटर दाबलंत तर तुमचीच राहते. पहिल्यांदा तो प्रश्न पडद्यावर पाहिला तेव्हा मला मनापासून बरं वाटलं होतं. कुणीतरी विचारत होतं.

विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आली ती फुकट बढती घेऊन. सुरुवातीला मागे फिरायला ३० दिवस होते, २०१६ मध्ये त्याचे १० झाले. 'इझी ट्रान्सफर' काढून टाकलं गेलं. आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये नको ते घडलं. त्या महिन्याची अपडेट काही दिवसांतच थांबवावी लागली, कारण काहींच्या फाइलीच नाहीशा झाल्या. त्यांनी 'डॉक्युमेंट्स' दुसऱ्या ड्राइव्हवर वळवलं होतं, पण जुन्या जागीही काही फाइली राहिल्या होत्या. अपडेटने ते जुनं फोल्डर निरुपयोगी समजून साफ केलं. दुरुस्त आवृत्ती १३ नोव्हेंबरला आली. जागरूक माणसं डी ड्राइव्हवर सामान ठेवतात, आणि फटका बसला तो अशांनाच.

आता अकराचं. दहावरून अकरावर जागच्या जागी बढती घेतली तर युजर फोल्डर, युनिकोड कीबोर्ड, वर्डचा टेम्प्लेट हे सगळं सहसा टिकतं. २०१९ पासून विंडोजमध्येच असलेला मराठी फोनेटिक कीबोर्डही येतो. अडचण आहे ती टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसलेल्या, जुन्या प्रोसेसरच्या यंत्रांची, आणि इथल्या छापखान्यांत तशीच जास्त दिसतात. तिथे नवा संगणक घ्यावा लागतो, म्हणजे जागच्या जागी बढती नाही, म्हणजे पुन्हा २०१० सारखंच हाताने उचलणं. तेव्हा रन चौकटीत 'ॲपडेटा' दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह लावून लिहायचं आणि उघडलेल्या फोल्डरमधलं 'मायक्रोसॉफ्ट' आतल्या 'टेम्प्लेट्स', 'ऑफिस' आणि 'यूप्रूफ'सकट घ्यायचं. पहिल्यात टेम्प्लेट, दुसऱ्यात लघुरूपांची यादी, तिसऱ्यात तुम्ही शिकवलेल्या शब्दांचा कोश असतो. फाँटचं फोल्डर वेगळं घ्यायचं. जुनं टायपिंग सॉफ्टवेअर असेल तर त्याचं सी वरचं फोल्डर उघडून कळांचे स्वतः केलेले बदल कुठल्या फाइलीत आहेत ते शोधायचं, कारण ते युजरच्या घरात नसतं आणि कुठलंही स्थलांतर ते आपणहून उचलत नाही. जुनी डिस्क महिनाभर तरी पुसायची नाही.