सक्रिय कोळसा आतून पोखरावा लागतो

करवंट्या जाळून उरलेला कोळसा गाळणीत भरला की पाणी शुद्ध होतं, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही. साधा कोळसा आणि गाळणीत लागणारा सक्रिय कोळसा यांत फरक आहे तो आतल्या छिद्रांचा, आणि ती मुद्दाम पाडावी लागतात.

करवंटी, उसाचं चिपाड, मक्याचं बुरकुंड, कपाशीच्या पऱ्हाट्या, सगळ्यांत सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन ही वनस्पतींना बळकटी देणारी कार्बनयुक्त द्रव्यं असतात. हवा न लागू देता हा कच्चा माल 400 ते 600 अंश सेल्सिअसपर्यंत तापवलं की बराचसा हायड्रोजन आणि ऑक्सिजन वायू, वाफ आणि डांबराच्या रूपात निघून जातो. मागे राहतात कार्बनचे वेडेवाकडे रचलेले सूक्ष्म पापुद्रे, आणि त्यांच्यामधल्या फटी डांबराने बुजलेल्या असतात.

आता मला सर्वात आवडणारा भाग. हा कोळसा 800 ते 1000 अंशांवर नेऊन त्यावर पाण्याची वाफ सोडतात. वाफेतला ऑक्सिजन कार्बनचा एकेक अणू उचलून नेतो. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन बाहेर पडतात. आधी डांबर साफ होतं, मग पापुद्र्यांच्या कडा कुरतडल्या जातात. पण वाफच का, हवा का नाही? इतक्या तापमानाला हवेतला ऑक्सिजन दाण्याच्या बाहेरच्या थरावरच संपून जातो. दाणा बाहेरून झिजतो, आतून तसाच राहतो. शिवाय त्या ज्वलनाची उष्णता आग आणखी भडकवते. वाफेची अभिक्रिया उलट उष्णता शोषते आणि संथ चालते, त्यामुळे वाफेचे रेणू आधी खोलवर शिरतात आणि मग पोखरतात. छिद्रं हवी असतील तर कार्बनचा मोठा वाटा असा गमवावाच लागतो.

यातून एका ग्रॅममध्ये सुमारे 1000 चौरस मीटर पृष्ठभाग मिळू शकतो, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे! बरीच छिद्रं 2 नॅनोमीटरहून अरुंद असतात. तिथे शिरलेल्या रेणूला समोरासमोरच्या दोन्ही भिंती व्हॅन डर वाल्स बलाने, म्हणजे रेणूंमधल्या दुबळ्या आकर्षणाने, ओढतात, म्हणून तो सपाट पृष्ठभागापेक्षा घट्ट धरला जातो. हे अधिशोषण, म्हणजे रेणूंचं पृष्ठभागाला चिकटणं; स्पंज पाणी पितो तसं हे नाही.

कच्चा माल फॉस्फोरिक आम्लात भिजवून तापवला तर कमी तापमानालाही हे साधतं, पण नंतर आम्ल नीट धुऊन काढावं लागतं. भाताच्या तुसाची अडचण वेगळी: त्यात सिलिका (वाळूतलं मुख्य द्रव्य) भरपूर, ती अल्कलीने विरघळवून काढली तर तिच्या जागी आणखी पोकळ्या मिळतात.

‘शरीरातली विषद्रव्यं ओढून घेणारा’ म्हणून हा कोळसा घातलेल्या काळ्या टूथपेस्ट आणि पेयं विकली जातात, त्या दाव्याला आधार नाही. काही विषबाधांत डॉक्टर हा कोळसा देतात, पण वेळेत आणि मोजून. दारू, लोह किंवा लिथियम तो फारसा धरत नाही. पाण्यातला क्लोरीन, वास आणि अनेक सेंद्रिय रसायनं तो काढतो. विरघळलेले क्षार आणि नायट्रेट मात्र बहुतांशी तसेच निघून जातात. छिद्रं भरली की त्याचं काम थांबतं. मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांतला कोळसा पुन्हा भट्टीत तापवून मोकळा करता येतो, पण दर खेपेला त्यातला थोडा जळून जातो.