छोट्या बाउल सामन्यांचं अर्थकारण: हॉटेलच्या खोल्यांपासून टीव्हीच्या तासांपर्यंत

डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलचे चाळीसेक ‘बाउल’ सामने, म्हणजे नियमित हंगाम संपल्यावरचे निमंत्रितांचे सामने, होतात. राष्ट्रीय विजेतेपदाशी त्यांतल्या मोजक्यांचाच संबंध असतो. उरलेल्या तीसेक सामन्यांत जिंकलं काय, हरलं काय, हंगामाच्या निकालात फरक पडत नाही. अनेक ठिकाणी स्टेडियमचा मोठा भाग रिकामा दिसतो. तरीही हे सामने दरवर्षी होतात. ते कसे परवडतात आणि कोणाला परवडत नाहीत, हे कळायला ते मुळात कोणी आणि कशासाठी सुरू केले तिथपर्यंत मागे जावं लागतं.

सुरुवात कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीनाची. तिथे नववर्षाला फुलांच्या रथांची मिरवणूक निघायची. तिला जोड म्हणून 1 जानेवारी 1902 रोजी मिशिगन आणि स्टॅनफर्ड यांचा सामना ठेवला. मिशिगन 49-0 असं पुढे असताना स्टॅनफर्डने वेळ संपायच्या आधीच खेळ थांबवला. एवढा एकतर्फी सामना पाहून आयोजकांनी पुढची काही वर्षं फुटबॉलचं नाव काढलं नाही. 1916 पासून मात्र तो दरवर्षी होऊ लागला. पुढे तिथे वाडग्याच्या आकाराचं स्टेडियम उभं राहिलं आणि त्यावरून सामन्यालाही ‘रोझ बाउल’ नाव पडलं. महामंदीच्या काळात उबदार हवेच्या इतर शहरांनी हाच कित्ता गिरवला. 1935 मध्ये मायामीत ऑरेंज बाउल आणि न्यू ऑर्लीन्समध्ये शुगर बाउल, 1937 मध्ये डॅलसला कॉटन बाउल सुरू झाला. आयोजक म्हणजे गावातले व्यापारी, हॉटेलवाले आणि स्वयंसेवक यांची ना-नफा समिती. हिशेब सरळ होता: थंडीने गारठलेल्या राज्यांतून दोन संघ बोलावायचे, त्यांच्यामागे हजारो चाहते येतील, चार-पाच दिवस राहतील, खातील-पितील. तिकिटांतून सामन्याचा खर्च निघाला तरी पुरे, खरी कमाई गावाची. आजचे छोटे बाउलही कागदोपत्री हाच हेतू सांगतात, पण पैशाचा ओघ केव्हाच दुसरीकडे वळला आहे.

वळण आलं 1984 मध्ये. तोवर कॉलेज फुटबॉलचे हंगामातले कोणते आणि किती सामने टीव्हीवर दाखवायचे, हे एनसीएए ही मध्यवर्ती संस्था ठरवत असे. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांनी त्याविरुद्ध दावा लावला आणि सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी ही मक्तेदारी मोडली. पडद्यावर फुटबॉल वाढला आणि पाठोपाठ प्रायोजक आले. 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात सनकिस्ट या फळांच्या ब्रँडचं नाव फिएस्टा बाउलला लागलं. एल पासोच्या सन बाउलने तर 1989 पासून काही वर्षं स्वतःचं नाव सोडून ‘जॉन हॅनकॉक बाउल’ असं विमा कंपनीचं नाव घेतलं. लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टचा इंडिपेंडन्स बाउल 1990 ते 1996 या काळात गवत कापायच्या यंत्राच्या नावाने, ‘पोलन वीड ईटर’ म्हणून ओळखला जात होता.

इथे कराचा एक मुद्दा आहे. तो फारसा चर्चेत येत नाही, पण सगळा डोलारा त्यावर उभा आहे. समित्या ना-नफा असल्याने करमुक्त. 1991 मध्ये अमेरिकी करखात्याने कॉटन बाउलच्या प्रकरणात भूमिका घेतली की मोबिल या तेल कंपनीकडून प्रायोजक म्हणून मिळणारा पैसा ही देणगी नव्हे, जाहिरातीचं उत्पन्न आहे, त्यावर कर लागेल. देशभरातल्या समित्यांचं धाबं दणाणलं. अखेर 1997 च्या कायद्याने मधला मार्ग काढला: प्रायोजकाचं नाव, बोधचिन्ह, पत्ता नुसता दाखवला तर तो पैसा करमुक्त. ‘हाच माल सर्वांत चांगला’ किंवा ‘इतक्या डॉलरला घ्या’ असं म्हटलं की ती जाहिरात झाली आणि कर आला. नावापुरतं प्रायोजकत्व करमुक्त ठरल्याने छोट्या शहरांतल्या समित्यांचा मार्ग मोकळा झाला.

1990च्या दशकाच्या मध्यात अठरा-वीस असलेले बाउल 2015 मध्ये चाळीसवर पोचले. या वाढीमागे सर्वांत मोठा हात ईएसपीएन या क्रीडावाहिनीचा. ही वाहिनी प्रक्षेपणाचे हक्क विकत घेऊन थांबली नाही. तिच्या उपकंपनीने लास वेगास, हवाई, न्यू मेक्सिको, बर्मिंगहॅम, बोका रॅटन असे डझनाहून अधिक बाउल स्वतःच चालवायला घेतले. सामना आपला, पडदा आपला, मधल्या जाहिरातीही आपल्या. डिसेंबरातल्या मंगळवारी दुपारी दुसरा कुठलाही कार्यक्रम लावला तर मिळणार नाहीत इतके प्रेक्षक एखादा दुय्यम सामनाही आणतो, बऱ्याचदा दहा लाखांच्या वर. अशा वेळी स्टेडियममधली गर्दी ही जमली तर बरी, एवढीच तिची किंमत उरते. संघांचा पुरवठा नियमांनी वाढवला: 2006 पासून हंगाम कायमचा बारा सामन्यांचा झाला आणि सहा विजय, सहा पराभव एवढ्यावर पात्रता मिळू लागली. 2015 मध्ये तेही पुरेना. 80 जागा भरायला पाचच सामने जिंकलेले नेब्रास्का, मिनेसोटा आणि सॅन होझे स्टेट हे संघ त्यांच्या शैक्षणिक प्रगतीचे गुण पाहून घ्यावे लागले. पुढच्या वर्षी एनसीएएने नव्या बाउलना तीन वर्षं मनाई केली.

आता विद्यापीठाच्या बाजूचा जमाखर्च. बाउल जे पैसे देतो त्याला पेआउट म्हणतात, पण ते थेट खेळणाऱ्या विद्यापीठाच्या हाती पडत नाहीत. ते त्याच्या कॉन्फरन्सकडे, म्हणजे गटाकडे, जातात आणि तिथे एकत्र करून सर्व सदस्यांत वाटले जातात. खर्च मात्र प्रामुख्याने खेळणाऱ्याचा. त्यात सर्वांत बोचणारी बाब तिकिटांच्या कोट्याची. समजा करारात 8,000 तिकिटं प्रत्येकी 50 डॉलरने उचलायची अट आहे आणि खपली 3,000. उरलेल्या 5,000 तिकिटांचे अडीच लाख डॉलर विद्यापीठानेच भरायचे, गट वाटा उचलेल तेवढाच दिलासा. तिकिटं का खपत नाहीत, तर कोट्यातल्या जागा बहुधा कोपऱ्यातल्या किंवा वरच्या मजल्यावरच्या, छापील दराच्या. चाहत्याला पुनर्विक्रीच्या साइटवर त्याहून चांगली जागा वीस डॉलरला मिळते. शिवाय जोडी जाहीर होते डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, सामना दोन-तीन आठवड्यांवर, तोही ऐन नाताळात, विमानभाडं चढलेलं. त्यावर खेळाडू, प्रशिक्षक आणि दीड-दोनशे वादकांचा बँड यांचं चार्टर विमान, बस, जेवण आणि करारात ठरलेल्या हॉटेलात ठरलेल्या इतक्या रात्री. सामन्याला पोचल्याबद्दल प्रशिक्षकाला मिळणारा बोनस निराळा.

मोठ्यांनाही हा कोटा झेपत नाही. 2011 च्या फिएस्टा बाउलसाठी कनेटिकट विद्यापीठाने 17,500 तिकिटं पत्करली, खपली पाच हजारांच्या आत, तोटा 16 लाख डॉलरच्या वर गेला. पण कनेटिकटपेक्षा जास्त काळजी वाटते ती मिड-अमेरिकन कॉन्फरन्ससारख्या गटांतल्या विद्यापीठांची. तिथला क्रीडा विभाग बऱ्याच अंशी विद्यार्थ्यांच्या फीवर चालतो. न खपलेल्या तिकिटाचा भार शेवटी अशा मुलांवर येतो ज्यांनी सामना टीव्हीवरही पाहिलेला नसतो. ही वाटणी अन्यायाची आहे. बदल्यात विद्यापीठ म्हणतं की पंधराएक जादा सराव मिळतात, राष्ट्रीय वाहिनीवर साडेतीन तास नाव दिसतं, नवे खेळाडू मिळवायला मदत होते. सराव खरंच मोलाचा, बाकीचं पैशात मोजणं कठीण.

प्रायोजकाच्या बाजूला मात्र गणित सुधारलं आहे. बॉइझीचा बाउल आयडाहोच्या बटाट्याच्या नावाने होतो आणि जिंकणाऱ्या प्रशिक्षकावर फ्रेंच फ्राइज ओततात. शार्लटला ड्यूक्स मेयो या मेयोनीजची बादली डोक्यावर रिकामी करतात. 2023 मध्ये ऑरलँडोच्या पॉप-टार्ट्स (टोस्टरमध्ये गरम करून खायचा गोड पदार्थ) बाउलमध्ये माणसाएवढा शुभंकर प्रचंड टोस्टरमध्ये उतरला, खालून खाण्याजोगा पॉप-टार्ट बाहेर आला आणि जिंकलेल्या कॅन्सस स्टेटच्या खेळाडूंनी तो तोडून खाल्ला. सामना विसरला गेला, ती चित्रफीत कित्येक दिवस फोनवर फिरत राहिली. असं काही न सुचलेले प्रायोजक टिकत नाहीत. 2014 मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या बाउलला बिटकॉइनचं नाव लागलं, ते एका वर्षात गेलं.

खेळाडूचा हिशेब सर्वांत शेवटी मांडला गेला. नियमानुसार बाउल त्याला जास्तीत जास्त 550 डॉलरच्या भेटवस्तू देऊ शकतो: हेडफोन, घड्याळ, सॅक. 2016 मध्ये लेनर्ड फोर्नेट आणि ख्रिश्चन मॅकाफ्री या खेळाडूंनी एनएफएल या व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीआधी दुखापत नको म्हणून बाउल खेळायला नकार दिला आणि ती वाट रूढ झाली. पुढे काही वर्षं डिसेंबरातच विद्यापीठ बदलायची मुभा होती. 2024 मध्ये इतके खेळाडू निघून गेले की मार्शल विद्यापीठाने इंडिपेंडन्स बाउलमधून माघार घेतली. आर्मी या लष्करी अकादमीच्या संघासमोर पाचच सामने जिंकलेल्या लुइझियाना टेकला उभं करावं लागलं. 2025 मध्ये आयोवा स्टेट आणि कॅन्सस स्टेट यांचे मुख्य प्रशिक्षक बदलत होते. त्यांनी बाउल नको म्हटलं, तेव्हा बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्सने दोघांना प्रत्येकी पाच लाख डॉलर दंड ठोठावला.