विस्तवाविना शिजणारा बर्फ

गुरूच्या युरोपा या चंद्रावर विषुववृत्ताजवळही तापमान उणे 160 अंश सेल्सिअसच्या वर जात नाही. ध्रुवांकडे ते उणे 220 पर्यंत उतरतं. एवढ्या गारठ्यात रासायनिक विक्रिया जवळजवळ थांबायला हव्यात. तरीही 1999 साली गॅलिलिओ यानाने घेतलेल्या वर्णपटात तिथल्या बर्फात हायड्रोजन पेरॉक्साइड सापडलं. जखम धुवायला औषधाच्या दुकानात मिळतं, तेच. पाण्याच्या तुलनेत प्रमाण किरकोळ, सुमारे 0.13 टक्के. पण सूर्याचे अतिनील किरण पेरॉक्साइड मोडत असतात, म्हणजे ते तिथे सतत नव्याने तयार होत असलं पाहिजे.

त्यासाठी लागणारी ऊर्जा येते गुरूकडून. त्याच्या प्रचंड चुंबकीय क्षेत्रात अडकलेले इलेक्ट्रॉन आणि आयन (विद्युतभारित अणू) युरोपावर अखंड आदळत असतात. पृष्ठभागावर उघड्यावर उभ्या माणसाला दिवसाकाठी किरणोत्साराची 5.4 सीव्हर्ट एवढी मात्रा बसेल. तेवढी एकदम बसली तर उपचारांविना निम्मी माणसं दगावतात.

बर्फात घुसलेला एक वेगवान इलेक्ट्रॉन वाटेतल्या अणूंतून आणखी कितीतरी इलेक्ट्रॉन उडवतो, आणि मोडतोडीचं बरंचसं काम हे दुय्यम, मंद इलेक्ट्रॉनच करतात. पाण्याचा रेणू फुटतो: एक हायड्रोजन सुटतो, ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी मागे उरते. द्रवात हे तुकडे लगेच इकडेतिकडे पांगले असते. इथे ते जागच्या जागी अडकतात आणि शेजारी तशीच दुसरी जोडी असेल तर दोन्ही मिळून पेरॉक्साइड होतं. थंडी इथे विक्रियेच्या आड येत नाही, उलट तुकडे धरून ठेवते. हलका हायड्रोजन मात्र हळूहळू अवकाशात निसटतो. ऑक्सिजन जड, तो त्या तापमानाला गोठत नाही आणि सहजी पळूही शकत नाही. युरोपाभोवतीचं अत्यंत विरळ ऑक्सिजनचं आवरण आलं ते असं, कुठल्याही वनस्पतीविना. 29 सप्टेंबर 2022 रोजी ज्यूनो यान जवळून गेलं तेव्हाच्या मोजणीवरून ऑक्सिजनची निर्मिती सेकंदाला सुमारे 12 किलो, म्हणजे दिवसाला हजारेक टन निघाली. आकडा मोठा वाटतो, पण आधीचे काही अंदाज सेकंदाला हजार किलोंच्याही वर होते.

हा मारा सगळीकडे सारखा नाही, आणि मला तरी खरी गंमत इथेच वाटते. गुरूचं चुंबकीय क्षेत्र साधारण दहा तासांत एक फेरी मारतं. युरोपाला साडेतीन दिवस लागतात. त्यामुळे कणांचा लोंढा त्याला मागून गाठतो. या मागच्या बाजूवर आयो या ज्वालामुखींच्या चंद्राकडून आलेलं गंधकही येऊन बसतं, आणि बर्फाशी मिळून तिथे चक्क सल्फ्युरिक आम्लाचे हायड्रेट, म्हणजे आम्ल आणि पाणी यांची संयुगं, बनतात.

पेरॉक्साइडचं कोडं याहून अवघड. प्रयोगशाळेतल्या शुद्ध बर्फात ते जितकी थंडी जास्त तितकं जास्त साठतं. म्हणजे युरोपावर ते थंड ध्रुवांकडे मिळायला हवं. हवाईतल्या केक दुर्बिणीच्या 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत मात्र ते सर्वांत जास्त दिसलं विषुववृत्ताजवळ, पुढच्या बाजूच्या तुटक्याफुटक्या, तुलनेने उबदार भूभागांत. 2023 मध्ये जेम्स वेब दुर्बिणीला नेमक्या त्याच भागात, तारा रेजिओ नावाच्या प्रदेशात, कार्बन डायऑक्साइड एकवटलेला दिसला. बर्फात थोडासा कार्बन डायऑक्साइड मिसळून मारा केला तर उबदार तापमानालाही पेरॉक्साइड वाढतं, असं प्रयोगांत दिसलं आहे. हा कार्बन बर्फाच्या कवचाखालच्या समुद्रातून आला असण्याची शक्यता मोठी आहे. त्याच रेजिओत हबल दुर्बिणीने आणखी एक खूण टिपली: पिवळसर छटेचं मीठ. साधं सोडियम क्लोराइड पांढरं असतं. माऱ्याने स्फटिकातल्या क्लोरीनच्या रिकाम्या जागी इलेक्ट्रॉन अडकून बसतात आणि रंग येतो. कॅलिफोर्नियातल्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत तासन्‌तास चाललेल्या माऱ्यात पांढरं मीठ पिवळट-तपकिरी झालं. युरोपावर त्याला शंभरेक वर्षं लागू शकतात.

जीवसृष्टीच्या दृष्टीने या सगळ्याला दोन बाजू आहेत. खाली समुद्र असावा, पण तिथे सूर्यप्रकाश नाही. पेरॉक्साइड आणि ऑक्सिजन बर्फाच्या कवचातून तिथवर झिरपले तर सूक्ष्मजीवांना ऊर्जेचं साधन मिळेल, म्हणून 12 किलोचा आकडा महत्त्वाचा. वर आलेले सेंद्रिय रेणू मात्र हाच मारा मोडून टाकतो. ते शोधायचे तर खणावं लागेल. किती, हे जागेवर अवलंबून: 2018 च्या एका गणितानुसार मध्यम आणि उच्च अक्षांशांवर सेंटिमीटरभर पुरेल, सर्वांत जास्त मारा बसणाऱ्या भागांत 10 ते 20 सेंटिमीटर. 14 ऑक्टोबर 2024 ला निघालेलं युरोपा क्लिपर यान 2030 मध्ये गुरूपाशी पोहोचेल. ते उतरणार नाही, नुसतं जवळून जात राहील. पण पुढे कधी उतरायचं ठरलं तर जागा निवडायला त्याचे नकाशे लागतील.