विद्यार्थी-संपादित पर्यावरण-कायदा नियतकालिक

पर्यावरणविषयक कायदा व धोरण यांवरील शोधनिबंधांची निवड, तपासणी आणि प्रकाशन विधी शाखेचे विद्यार्थी स्वतः करतात, असे नियतकालिक. प्राध्यापक सल्ला देतात. निर्णय विद्यार्थ्यांचे मंडळ घेते. ही रीत अमेरिकेतली. हार्वर्ड लॉ रिव्ह्यू १८८७ मध्ये निघाले, पर्यावरणाला वाहिलेले इकॉलॉजी लॉ क्वार्टर्ली १९७१ मध्ये. झाडांच्या न्यायालयीन हक्काविषयीचा क्रिस्टोफर स्टोन यांचा १९७२ चा लेखही विद्यार्थी-संपादित नियतकालिकातच आला. त्याच वर्षी अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचे न्या. डग्लस यांनी आपल्या भिन्नमताच्या निकालात त्याचा आधार घेतला.

असे नियतकालिक कोल्हापुरात काढायचे तर विषय दाराशीच आहेत: पंचगंगेतले सांडपाणी, इचलकरंजीचे कापड-प्रक्रिया उद्योग, राधानगरी अभयारण्याभोवतीचे निर्बंध. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच शहरातच आहे. पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यात. नदीच्या नमुन्यांची आकडेवारी माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून मागता येते. उत्तराची मुदत ३० दिवस असल्याने अर्ज लेख लिहायला घेण्याआधीच टाकावा.

आलेला लेख लेखकाचे नाव काढून दोघांना वाचायला देतात. नाव फाइलच्या गुणधर्मांतही राहते, तेही पुसावे लागते. खरे कष्ट तळटिपांचे. प्रत्येक टीप मूळ निकालपत्राशी किंवा राजपत्राशी, परिच्छेद क्रमांकासह ताडायची. दुसऱ्या लेखातून उचललेली टीप चालत नाही. चाळीस टिपांना दोघांचे चार-पाच दिवस सहज जातात. हे टाळले की संगणकाने रचलेले, मुळात नसलेले निवाडेही छापले जातात.

नेहमीच्या चुका ठरलेल्या आहेत. अंतरिम आदेश अंतिम म्हणून दिला जातो. पश्चिम घाटातील पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राची ३१ जुलै २०२४ ची अधिसूचना प्रारूप असताना ती लागू झाल्याचे लिहिले जाते. जलप्रदूषण रोखणाऱ्या जल कायद्यातील २०२४ ची दुरुस्ती राज्याने ठरावाने स्वीकारली का, हे पाहिले जात नाही. बीओडीची (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजताना लागणाऱ्या प्राणवायूचे माप) गल्लत तर फारच होते: लिटरला ३० मिलिग्रॅम ही नदीत सोडायच्या सांडपाण्याची सर्वसाधारण मर्यादा, ३ ही स्नानयोग्य नदीपाण्याची. आकडा बरोबर, निकष चुकीचा, म्हणजे सगळा युक्तिवाद कोसळतो.

लेख स्वीकारल्यावरही कायदा बदलतो. काम सुरू झाल्यानंतर पर्यावरण मंजुरी देण्यास मनाई करणारा सर्वोच्च न्यायालयाचा १६ मे २०२५ चा निकाल १८ नोव्हेंबर २०२५ रोजी मागे घेण्यात आला. म्हणून छपाईच्या आदल्या आठवड्यात प्रत्येक निकालाची सद्यःस्थिती पुन्हा पाहतात आणि लेखाखाली ‘अमुक तारखेपर्यंतचा कायदा’ अशी ओळ घालतात.

मंडळ दरवर्षी बदलते. जुन्यांनी परीक्षेआधी पासवर्ड, लेखकांशी झालेला पत्रव्यवहार आणि अर्धवट तपासलेल्या टिपांची यादी लेखी सोपवली नाही, तर पुढचा अंक तिथेच अडतो.